प्रति: पानात विष जास्त, बोंडात कमी असं का?

वर दादांनी विचारलंय की पऱ्हाटीच्या सगळ्या पेशींत डीएनए एकच, मग बीटीचं (जिवाणूचं जनुक घालून झाडात तयार होणारं, अळी मारणारं) विष पानात जास्त अन् बोंडाच्या सालीत कमी का? आमच्या सेलू-मानवतकडं हा प्रश्न दर हंगामात निघतो.

जनुक असणं अन् त्याची नक्कल (आरएनए) निघणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. पेशीच्या केंद्रकात आरएनए पॉलिमरेज नावाचं विकर डीएनएचे दोन धागे थोडे उकलतं अन् एकाच धाग्यावरून आरएनए जुळवत जातं. धाग्यावरच्या रासायनिक घटकांना अक्षरांनी ओळखतात: समोर ए आला की इकडं यू, जी आला की सी. डीएनएतलं थायमिन (टी) आरएनएत नसतं, त्याच्या जागी यू. ही नक्कल केंद्रकाबाहेर जाते, मग रायबोसोम नावाच्या पेशीतल्या यंत्रावर प्रथिन बनतं; बीटीचं विष हे असंच प्रथिन. नक्कल किती निघणार, हे मुख्यतः जनुकाच्या आधीच्या प्रमोटर नावाच्या तुकड्यावर ठरतं.

2002 मध्ये आपल्याकडं मंजूर झालेल्या बीटी कपाशीत हा प्रमोटर फ्लॉवरवर रोग आणणाऱ्या एका विषाणूचा आहे, ३५एस म्हणतात. तो जवळपास सगळीकडं चालू असतो, पण सारखाच जोरात नाही. पेशीतली बाकीची प्रथिनं त्याला कुठं किती साथ देतात, झाडाचं वय काय, यावर नक्कल कमी-जास्त होते. म्हणून शंभरेक दिवसांनंतर पानातलंही विष घटत जातं.

गुलाबी बोंडअळीचं सगळं खापर मात्र यावर फोडू नका. तिच्यात ह्या विषाविरुद्ध प्रतिकारशक्ती आली, तो अळीच्या जनुकांचा मामला.