कोरियन फुटबॉलची दुसरी फळी, 2024: आन्यांग पहिलं, सुवॉन सहावं. बरोबरच झालं ना?

बालेवाडीचा_भोंगा
सुवॉन ब्लूविंग्ज डिसेंबर 2025 मध्ये परत आपटले. वर जायच्या प्लेऑफमध्ये वरच्या लीगच्या जेजूकडून आधी 0-1, मग 0-2, म्हणजे आता सलग तिसरं वर्ष के लीग 2, म्हणजे दुसरी फळीच. आणि लगेच सगळीकडे रडगाणं सुरू, एवढा मोठा क्लब खाली सडतोय, लीगचंच नुकसान वगैरे. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुवॉन म्हणजे सॅमसंगचा क्लब, 4 वेळा लीग, 2 वेळा आशियाचे चॅम्पियन. 2023 ला तळाला गेले आणि इतिहासात पहिल्यांदाच खाली आले. 2024 सुरू झालं तेव्हा सगळे धरूनच चालले होते की हे एक वर्षाची पिकनिक करून वर जाणार. आले सहावे, प्लेऑफसुद्धा नाही. पहिलं आलं आन्यांग.

आता हे आन्यांग कोण? तर 2004 पर्यंत तिथं एलजीची टीम होती, आन्यांग एलजी चीताज. कंपनीनं एक दिवस ठरवलं आणि टीम उचलून राजधानीत नेली, आजची एफसी सोल ती हीच. आन्यांगच्या पोरांनी काय केलं, तर नऊ वर्षं महापालिकेच्या मागे लागले आणि 2013 ला शहराचा स्वतःचा क्लब उभा केला. जांभळा रंग, कारण आन्यांगची द्राक्षं प्रसिद्ध. मग अकरा मोसम दुसऱ्या फळीतच, बाराव्या मोसमात वर. कोच यू ब्योंग-हून, हेड कोच म्हणून पहिलंच वर्ष. आणि टायटल पक्कं कुठे झालं माहितीय? बुचॉनच्या ग्राउंडवर, 2 नोव्हेंबरला, 0-0. एक पॉइंट पुरे होता. बुचॉनची टीमसुद्धा 2006 ला अशीच उचलून जेजू बेटावर नेली होती आणि तिथल्या फॅन्सनी 2007 मध्ये आपला क्लब नव्यानं काढला होता. म्हणजे टीम पळवलेल्या दोन गावांची मॅच, आणि त्यात एक गाव वर गेलं. असं कोणी कथेत लिहिलं असतं तर आपणच म्हणालो असतो की जरा अतीच होतंय.

मी पुण्याचा. 2019 मध्ये आपली पुणे सिटी बंद झाली आणि तिची जागा हैदराबादनं घेतली. आपण काय केलं? दोन पोस्ट टाकल्या आणि केशरी जर्सी गाडी पुसायला काढली. म्हणून मला आन्यांगचं जास्त लागतं. मोठ्या क्लबला वर यायचा जन्मसिद्ध हक्क नाही, संपलं.

किमची_थालीपीठ
भोंगाभाऊ, लांबून सगळं गोड दिसतं. मी सात वर्षं सुवॉनमध्ये राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो, बिग बर्ड म्हणजे आमचं स्टेडियम घरापासून दोन बस. हक्क वगैरे कोणी मागत नव्हतं हो. तुम्ही सॅमसंग सॅमसंग म्हणताय पण 2014 मध्ये त्यांनी क्लब आपल्या जाहिरात कंपनीकडे सोपवला आणि तेव्हापासून पैशाचा नळ बारीकच होत गेला, नाव श्रीमंताचं आणि घरात चहा कोरा अशी गत. टीम पडली ती मस्तीनं नाही पडली, वाळवी लागून पडली.

2024 चा मे महिना सांगते. यॉम की-हून, आमचा सगळ्यात लाडका माजी खेळाडू, त्यालाच कोच केलेलं, खरं तर बळीच दिला. सोल ई-लँडशी घरच्या मैदानावर 1-0 पुढे होतो आणि 1-3 हरलो, सलग पाचवी हार. मॅच संपली पण लोक घरी जाईनात, टीमची बस अडवून उभे. मी पण तिथंच, कडेला, पोरगा खांद्यावर झोपलेला. मला वाटलं आता आरडाओरडा होणार, तर यॉम स्वतः खाली आला आणि सांगितलं की मी सोडतोय. एक क्षण कोणी काही बोलेना. ज्यानं फ्री किक मारली की सगळं स्टेडियम उठून उभं राहायचं त्याला आपणच घालवलं, हे सगळ्यांना एकदमच कळलं बहुतेक. शेजारच्या आजी निळा स्कार्फ तोंडावर धरून रडत होत्या.

आणि ऑगस्टपासून आमच्या मैदानाचं काम काढलं म्हणून होम मॅच थेट योंगिनला. तरी लोक गेले. वर्षाची सरासरी दहा हजारांच्या वर, दुसऱ्या फळीत हे कोणाला जमलेलं ते सांगा. आम्ही बाहेर खेळायला गेलो की त्या छोट्या गावांच्या स्टेडियममध्ये पाहुण्यांचाच स्टँड आधी भरायचा, त्यांच्या तिकीटबारीला विचारा नुकसान कोणाचं झालं ते.

हिशेबी_माणूस
दोघंही भावनेत वाहताय. मुद्द्याचं बोलूया, या "शहराच्या स्वतःच्या" क्लबला पैसा कोण देतं? महापालिका. म्हणजे करदाता. आन्यांगचे महापौरच क्लबचे मालक, टीम वर गेली तर त्यांनी केस जांभळे रंगवून घेतले, फोटो सगळीकडे. छान, मजेशीर, पण उद्या निवडणुकीत ते केस मतं मागणारच ना?

छुंगनाम आसानचं बघा, त्याच मोसमात दुसरे आले. मार्चमधली घरची पहिली मॅच. क्लबचा रंग निळा-पिवळा आणि टीम उतरली लाल जर्सीत. एप्रिलमध्ये संसदेची निवडणूक, लाल हा तिथल्या तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचा रंग, आणि प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर आणि शहराचे महापौर दोघं त्याच पक्षाचे. फॅन्सनीच स्टँडमधून निषेध केला. कंपनी टीम पळवते हे वाईट, मान्य. पण पुढारी टीमला आपला रंग नेसवतात हे चांगलं कसं?

आणि भोंगा, खरं सांग, पुणे महापालिकेनं उद्या फुटबॉल टीमसाठी बजेटमध्ये कोटी टाकले तर रस्त्यातल्या खड्ड्याचा फोटो टाकून पहिली बोंब कोण मारेल? तूच.

बालेवाडीचा_भोंगा
@हिशेबी मारेन, मीच मारेन 😀 हे खरंय. पण मग बोंब मारायला तरी मला जागा असेल ना. नगरसेवकाला गल्लीत गाठून विचारता येतं. 2019 ला मी कोणाला विचारणार होतो, बालेवाडीच्या गेटवरच्या वॉचमनला? आसानच्या लाल जर्सीचं तूच सांगितलंस, फॅन्स त्याच दिवशी उभे राहिले. कंपनीच्या निर्णयासमोर कधी आणि कुठे उभं राहायचं हेच कळत नाही.

ताई, यॉमचं वाचून वाईट वाटलं, ते टोमण्यात धरू नका. पण वाळवी लागली होती तर झाड पडणारच, मग पडल्यावर वारा वाईट होता म्हणण्यात अर्थ नाही.

मडगांवचो_गोली
तुम्ही आन्यांग-सुवॉन करत बसा, खरा अन्याय आसानवर झाला. तेव्हाचा नियम असा: पहिला थेट वर, दुसऱ्याला वरच्या लीगच्या 11 व्याशी दोन मॅच, आणि तिसरा ते पाचवा आपसात खेळून जो उरेल तो 10 व्याशी. आसानला आला देगू. पहिली मॅच स्वतःच्या मैदानावर पण नाही, चॉनानला, आणि तिथं 4-1 पुढे! मग देगूचा सेझिन्या जागा झाला, 4-3. दुसरी मॅच देगूला, एक्स्ट्रा टाइममध्ये 3-1, एकूण 6-5 नं देगू वाचलं. सोल ई-लँड पण जनबुककडून दोन्ही वेळा 2-1 नं गेलं. वर्षभर 36 मॅच घासायच्या आणि शेवटी ज्यांचं बजेट कैक पट त्यांच्यासमोर उभं करायचं, आणि याला म्हणायचं संधी. तरी आपल्यापेक्षा बरं म्हणा, आमच्याकडे लीग कोण जिंकलं हे कोर्टात ठरतं. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सवाल्यांना विचारा.

नव्वदीतला_फुलबॅक
धागाकर्त्यानं एक गोष्ट सोयीनं गाळलीय. एलजीची टीम आन्यांगच्या आधी सोलचीच होती. 90 च्या दशकात लीगनं ठरवलं की सगळं राजधानीत नको, टीम बाहेरच्या शहरांत न्या, म्हणून 1996 मध्ये त्यांना आन्यांगला जावं लागलं. सोलवाले म्हणतात आम्ही परत घरी आलो, पळवली कुठे. आन्यांगकडे ती होती जेमतेम आठ मोसम. आता बोला.

बालेवाडीचा_भोंगा
गाळलं नाही, माहीत होतं, पण हो, लिहायला हवं होतं. तरी माझं मत तेच. 1996 ला जो पोरगा सहा वर्षांचा होता तो 2004 ला चौदाचा. त्याचं अख्खं लहानपण त्या टीमचं. त्याला लीगचं धोरण आणि टीमचा जुना पत्ता सांगून काय उपयोग, त्याच्या दप्तरावरचा बिल्ला कुठे जाणार? भाडेकरू आठ वर्षं राहिला तरी जाताना शेजाऱ्याला सांगून जातो. आणि तोच पोरगा पस्तिशीत पोचला तेव्हा, 2025 च्या ऑगस्टच्या शेवटी, आन्यांगनं सोलमध्ये जाऊन एफसी सोलला 2-1 हरवलं. पहिल्यांदाच. वर आठवे येऊन टिकले पण, हिशेबी, तुझ्या करदात्यांचे पैसे बुडाले नाहीत अजून.

हिशेबी_माणूस
"अजून" हा शब्द महत्त्वाचा.

किमची_थालीपीठ
वाऱ्याचं म्हणालात तर वारा पण सांगते. 2024 ला 13 टीम, म्हणजे प्रत्येक फेरीत एक टीम घरी बसणार. शेवटच्या फेरीत घरी कोण? आम्ही. आमच्या 36 मॅच आधीच संपलेल्या, 56 पॉइंट, चौथे. 9 नोव्हेंबरला चिकनच्या दुकानात बसलो, टेबलावर तीन फोन, एकात जॉन्नामची मॅच, एकात बुसानची, तिसऱ्यावर पोरगा कार्टून बघतोय. दोघांपैकी एक जरी अडकला असता तरी आम्ही पाचवे. दोघंही जिंकले. बुसानचे पण 56 च झाले, पण तिथं पॉइंट सारखे झाले की आधी मारलेले गोल मोजतात, गोलफरक नंतर, आणि गोल त्यांचे जास्त. दुकानवाल्यानं काही न बोलता टीव्ही बेसबॉलवर लावला. नवरा म्हणाला चल, गार झालं चिकन.

आणि आन्यांगचा मला राग नाही बरं का. सुवॉन आणि आन्यांगच्या मध्ये एक घाट आहे, जीजीदे, आमच्या डर्बीचं नाव त्यावरूनच. जोंगजो राजा वडिलांच्या समाधीचं दर्शन घेऊन परत जाताना तिथं रेंगाळायचा, पाय निघत नसे म्हणे, जीजी म्हणजे हळूहळू. 2024 च्या एप्रिलमध्ये आम्ही त्यांच्याच घरी 3-1 जिंकलो तेव्हा परतीच्या बसमध्ये त्याच घाटातून गाणी म्हणत आलो, वाटलं वर्षभर हेच चालणार. आता ते वर आणि आम्ही खाली, डर्बीच नाही. ते कमी झालंय, एवढंच माझं नुकसान.

मडगांवचो_गोली
ताई, बुचॉन पण गेलं की आता वर. सुवॉनच्याच दुसऱ्या टीमला, सुवॉन एफसीला, 1-0 आणि 3-2 हरवून. म्हणजे 2026 मध्ये बुचॉन जेजूला जाणार, आपलीच जुनी टीम भेटायला. भोंग्याला दुसरा धागा काढावा लागणार.

बालेवाडीचा_भोंगा
काढतो. त्याला आधी फिक्स्चर येऊ दे.

किमची_थालीपीठ
काढा. पण आता सुवॉन एफसी पण खाली आलंय, एकाच शहराच्या दोन टीम दुसऱ्या फळीत. नवरा त्यांचा फॅन आहे, हे सांगायचं राहिलंच.