मदत हवी आहे: चष्म्यात अक्षरं गायब!

चाकणचा_मिस्त्री:
लोकहो, तातडीने मदत हवी. सोमवारी साहेबांसमोर डेमो आहे. गिअरबॉक्स खोलताना पुढचा बोल्ट कुठला, ते डोळ्यासमोर दिसावं असं ॲप केलंय. लॅपटॉपवर झकास. चष्मा चढवला की बाण दिसतात, सूचना गायब. दोन रात्री गेल्या. काय करू?

नाममात्र:
कुठला चष्मा? घरी आजोबांचा आहे तो?

रस्सा_जास्त:
मराठी फॉन्टचा घोळ, डोळे झाकून सांगतो. आमच्याकडे बिलाच्या प्रिंटरवर हेच झालं होतं.

चाकणचा_मिस्त्री:
होलोलेन्स २. मायक्रोसॉफ्टचा आरपार काचेचा चष्मा, समोरच्या वस्तूवर चित्रं-अक्षरं दाखवतो. इंग्रजी टाकून पाहिलं, तेच.

रस्सा_जास्त:
मग इंग्रजीचाही फॉन्ट बदला.

दुर्बीणवाले_काका:
अक्षरांचा रंग कोणता?

चाकणचा_मिस्त्री:
काळा. अजून कोणता असणार? अक्षरांमागे रंगीत पाटी ठेवलेली नाही, मशीन झाकलं जातं.

दुर्बीणवाले_काका:
सापडलं. बाबा रे, आरपार काचेचा चष्मा समोरच्या दृश्यात उजेडाची भर घालतो, उजेड काढून घेऊ शकत नाही. काळा म्हणजे उजेडच नाही, म्हणजे नुसती काच. आज रात्री दिवा लावून खिडकीसमोर उभा राहा. पांढरा बनियन काचेत लख्ख दिसेल, डोक्याच्या काळ्या केसांतून बाहेरचं झाड दिसेल. तेच हे. अक्षरं पांढरी किंवा हिरवी कर. तेजस विमानाच्या वैमानिकापुढच्या काचेवरही हिरवंच दिसतं. तो हड, म्हणजे माहिती दाखवणारी ती काच, आपल्या चंडीगडच्या सीएसआयओ या सरकारी संशोधन संस्थेने केलाय, हे कुणी सांगत नाही.

टॅबवाला_भाऊ:
एवढा खटाटोप कशाला? टॅब घ्या, स्टँडवर ठेवा. होलोलेन्सचं उत्पादनही २०२४ मध्ये बंद झालंय.

नाममात्र:
दोन्ही हात ग्रीसमध्ये असताना टॅबला काय नाकाने टिचकी मारायची?

टॅबवाला_भाऊ:
मग कॅमेऱ्यातून बाहेरचं दाखवणारा हेडसेट घ्या. त्यात काळं काळंच दिसतं.

दुर्बीणवाले_काका:
आणि चालू मशीनशेजारी बॅटरी संपली तर? डोळ्यांवर पट्टी! आरपार चष्मा बंद पडला तरी समोरचं दिसत राहतं. १९६८ मध्ये सदरलंड या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने छताला टांगलेला, डोक्यावर घालायचा असा पहिला डिस्प्ले केला, तोही आरपारच होता.

सुलूमावशी:
माझा प्रोग्रेसिव्ह नंबरचा चष्मा आहे. त्यावर हा बसतो का?

दुर्बीणवाले_काका:
बसतो मावशी. पण तुम्ही गिअरबॉक्स खोलणार आहात का?

चाकणचा_मिस्त्री:
काका, पाय कुठे आहेत? पांढरी केली, दिसली! पण दोन भानगडी. छताच्या पारदर्शक पत्र्याखाली फिकी पडतात. आणि बोल्टजवळ मजकूर ठेवला की डोळे दुखतात.

दुर्बीणवाले_काका:
हे आधी सांगायचं ना! उन्हापुढे चष्म्याचा उजेड हरतो, मशीन सावलीत घे. दुसरं, या चष्म्याचा फोकस साधारण २ मीटरवर पक्का असतो. मजकूर हातभर अंतरावर ठेवलास की दोन्ही डोळे आत वळतात, फोकस मात्र दूरच राहतो. म्हणून दुखतात. बोल्टवर फक्त बाण ठेव, मजकूर सव्वा मीटरच्या पलीकडे, गिअरबॉक्सच्या मागे.

चाकणचा_मिस्त्री:
करतो. फोर्कलिफ्टवाल्याला चहा पाजावा लागेल.

रस्सा_जास्त:
फॉन्ट कुठला ठेवलात शेवटी?