डार्क होल खणलं जातं आणि परत भरून येतं: पिरॅमिड सेन्सर हाताळलेल्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे एकाच ठिकाणी अडकलोय. प्रयोगशाळेतल्या टेबलावर हाय-कॉन्ट्रास्ट इमेजिंगची (झगमगत्या ताऱ्याशेजारच्या मंद गोष्टी टिपण्याच्या तंत्राची) चाचणी चालू आहे. ६३३ नॅनोमीटरचा लेझर हा आमचा तारा. पुढे ३२ × ३२ अ‍ॅक्च्युएटरचा एकच डिफॉर्मेबल मिरर (आकार बदलता येणारा आरसा), पिरॅमिड वेव्हफ्रंट सेन्सर (प्रकाशलहरीच्या पृष्ठभागातले दोष मोजणारा; मॉड्युलेशन ३ लॅम्डा बाय डी, म्हणजे तरंगलांबी भागिले व्यास या कोनाच्या एककात), लिओ कोरोनाग्राफ (मधल्या ताऱ्याचा प्रकाश अडवणारा मास्क) आणि कॅमेरा. वातावरणाची नक्कल करायला फिरणारी फेज प्लेट (प्रकाशलहरी वेड्यावाकड्या करणारी काच).

सेन्सरला न दिसणारे, फक्त कॅमेऱ्याच्या वाटेवरचे दोष जे स्पेकल (ताऱ्याच्या सांडलेल्या प्रकाशाचे ठिपके) तयार करतात, ते मारायचे आहेत. त्यासाठी आरशावर छोटे प्रोब (मुद्दाम दिलेले ओळखीचे आकार) देऊन कॅमेऱ्यावरचं विद्युतक्षेत्र मोजतो आणि इलेक्ट्रिक फील्ड कॉन्जुगेशनने (आरशाने बरोबर उलट क्षेत्र तयार करून) ५ ते १२ लॅम्डा बाय डी या पट्ट्यात काळोख खणतो; हेच डार्क होल. प्लेट बंद असताना सगळं झकास, ताऱ्याच्या तुलनेत कोटीत एकपर्यंत उतरतो. प्लेट फिरायला लागली की लाखात एकावर घोडं अडतं. (या धंद्यात ‘लाखात एक’ हे कौतुक नसून रडगाणं असतं.)

खरी गंमत पुढे आहे. पहिल्या दोन फेऱ्यांत डार्क होलच्या काही भागात काळोख दाटतो, पण त्याच वेळी काही भाग दर फेरीला जवळपास दुप्पट उजळत जातो. पाच-सहा फेऱ्यांत सगळं भरून येतं. दुरुस्तीचा गेन (मोजलेल्या दोषाचा किती हिस्सा एका फेरीत दुरुस्त करायचा तो गुणक) निम्मा केला की भरणं थांबतं, आणि आमचे मार्गदर्शक तेवढ्यावर खूश आहेत. मला मलमपट्टी नको, कारण हवंय. कुणी हे भोगलंय का?

प्रतिसाद १

आधी बाळबोध प्रश्न. डार्क होल पूर्ण वर्तुळाचं मागताय का? एका आरशाने फेज (लहरीचा पुढे-मागेपणा) आणि अ‍ॅम्प्लिट्यूड (लहरीची उंची) या दोन्हीचे दोष अर्ध्याच बाजूला मारता येतात. पूर्ण वर्तुळ हवं असेल तर दोन आरसे लागतात.

धागाकर्ता

नाही, अर्धंच आहे. ती ठेच पहिल्याच महिन्यात खाऊन झाली.

प्रतिसाद २

तुम्ही प्रोब आणि दुरुस्ती आरशाला थेट देता, की पिरॅमिडचा रेफरन्स (सेन्सर ज्याला ‘सपाट’ मानतो तो सिग्नल) सरकवून?

धागाकर्ता

रेफरन्स सरकवून. थेट दिलं तर एओ लूप (सेन्सर पाहून आरसा सतत सुधारणारं चक्र) पुढच्याच क्षणी ते पुसून टाकतो.

प्रतिसाद २

मग चोर सापडला असं समजा. पिरॅमिडची संवेदनशीलता कायम एकसारखी नसते. तुम्ही कॅलिब्रेशन शांत प्रकाशात केलंत. खळबळ सुरू झाली की शिल्लक राहिलेल्या दोषांमुळे पिरॅमिडच्या टोकावरचा ठिपका फुगतो आणि तोच आकार सेन्सरला कमी दिसतो. यालाच ऑप्टिकल गेन म्हणतात. समजा तो ०.६ झाला. लूप इमानदार आहे, मागितलेला सिग्नल दिसेपर्यंत आरसा वाकवत राहतो. म्हणजे तुम्ही १० मागितलेत की आरसा १६-१७ देतो.

आता प्रोबही त्याच वाटेने जातात. ते मॉडेलपेक्षा मोठे पडतात, म्हणून विद्युतक्षेत्र मोठं मोजलं जातं, आणि त्यावरची दुरुस्ती पुन्हा फुगते. चूक दोनदा लागते. एकूण गुणक २ च्या वर गेला की प्रत्येक फेरीत स्पेकल चिन्ह बदलून आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो. आणि हा ऑप्टिकल गेन प्रत्येक मोडला (आरशाच्या प्रत्येक मूळ आकाराला) वेगळा असतो, म्हणून काही भाग सुधारतो, काही बिघडतो. निम्म्या गेनवर सावरतं हा त्याचाच पुरावा.

पडताळणी सोपी आहे. रेफरन्समधून आरशाला ५ नॅनोमीटर उंचीचा साइन तरंग द्या. ६३३ नॅनोमीटरला दोन्ही बाजूंना मधल्या ताऱ्याच्या साधारण चारशेव्या हिश्श्याएवढे ठिपके दिसायला हवेत. कोरोनाग्राफचा मास्क बाजूला करून ठिपका आणि मधला तारा यांचं गुणोत्तर प्लेट चालू आणि बंद असताना मोजा. नुसता ठिपका मोजू नका, स्ट्रेल (मधल्या ताऱ्याची आदर्शाच्या तुलनेतली तीव्रता) घसरल्याने तोही मंदावतो आणि फसवतो.

धागाकर्ता

मोजलं! ६ लॅम्डा बाय डीजवळ प्लेट चालू असताना गुणोत्तर २.४ पट झालं, ११ जवळ १.५ पट. म्हणजे ऑप्टिकल गेन (गुणोत्तराच्या वर्गमुळाचा व्यस्त) अनुक्रमे ०.६५ आणि ०.८२. २.४ वाल्या भागात चूक दोनदा लागून एकूण गुणकही २.४, म्हणून दर फेरीला विद्युतक्षेत्र २.४ − १ = १.४ पट व्हायला हवं, म्हणजे प्रकाश (विद्युतक्षेत्राचा वर्ग) जवळपास दुप्पट. हेच तर दिसत होतं! खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो.

तरी एक विचारतो: निम्मा गेन ठेवून काम भागत असेल तर हे सगळं मोजत बसायची गरज काय?

प्रतिसाद २

टेबलावर नाही, आकाशाखाली आहे. रेफरन्समध्ये आधीच साठवलेली दुरुस्ती खळबळ वाढली की आपोआप फुगते, आणि सीइंग (हवेच्या खळबळीची पातळी) मिनिटामिनिटाला बदलतं. तुम्ही काही केलं नाहीत तरी डार्क होल भरतं. त्यामुळे मोडनिहाय गेन सतत मोजून रेफरन्सला त्याने गुणायचं.

प्रतिसाद ३

जरा अवांतर, पण सेन्सर किती आंधळा असू शकतो ते पाहा. चिलीतल्या व्हीएलटीच्या ८.२ मीटर दुर्बिणीवर २०१४ साली स्फिअर हे ग्रह टिपणारं उपकरण बसवल्यावर लक्षात आलं की वारा पडलेल्या शांत रात्री प्रतिमा उलट बिघडते. दुय्यम आरसा धरणाऱ्या पट्ट्या रात्री आकाशाकडे उष्णता सोडून गार होतात, त्यांच्या दोन बाजूंच्या हवेत फरक पडतो आणि वेव्हफ्रंटला पायऱ्या पडतात. स्फिअरच्या शॅक-हार्टमन सेन्सरला (हा वेव्हफ्रंटचा उतार मोजतो) त्या पायऱ्या नीट दिसेनात. शेवटी पट्ट्यांवर वेगळा लेप देऊन त्रास कमी केला, आज्ञावली बदलून नाही.

आणि प्लेट फिरत असताना कोटीत एक मागू नका. लूपच्या हातून सुटलेली खळबळ मागे ताऱ्याभोवती अंधुक प्रभामंडळ ठेवतेच. प्रोबला न जुमानणारा भाग वेगळा काढा आणि मगच आकडा सांगा.

धागाकर्ता

वेगळा काढला. गेनने रेफरन्स गुणल्यावर प्रोबला प्रतिसाद देणारा भाग तीसेक पट खाली गेला आणि वीस फेऱ्या तिथेच राहिला. एकूण प्रकाश अजून लाखात एकाच्या आसपासच आहे, तो सगळा प्रभामंडळाचा.

आता पुढचा प्रश्न: गेन मोजायचा तरंग सतत चालू ठेवला तर त्याचे ठिपके डार्क होलच्या बाहेर, १४ लॅम्डा बाय डीला ठेवावेत म्हणतो. पण मग आतल्या मोडचा गेन त्यावरून कसा काढायचा? प्रतिसाद २, थकला नसाल तर सांगा.