टेंभूचं पाणी आलं, खंडाचा कागद कधी येणार?

बांधावरचा (विटा)
आमच्या खानापूर-आटपाडीतली कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी तमिळनाडू, केरळ, बंगालात जाऊन बसलीत. माणूस तिकडं, सातबारा इकडं. पूर्वी रानात कुसळंच उगवायची, म्हणून कुणाला फिकीर नव्हती. आता टेंभू उपसा योजनेचं पाणी आलंय, तरी कितीतरी रानं पडीक. आणि डिप्लोमा झालेली पोरं पारावर.

मी त्यातलाच. स्वतःचं दीड एकर, चार एकर खंडानं, म्हणजे वर्षाचं ठरलेलं भाडं देऊन. सगळं तोंडी. पाडव्याला पैसे द्यायचे, पुढच्या पाडव्याला मालकाची मर्जी. अशा रानात डाळिंब लावायचं कसं? पहिला बहार धरायलाच दोन वर्षं जातात. पीककर्ज सातबारावाल्याला, विम्याला नोंदणीकृत भाडेकरार मागतात, आणि मालक म्हणतो, "कागदाचं तेवढं बोलू नको."

भीती कुळकायद्याची, म्हणजे दुसऱ्याचं रान कसणाऱ्या कुळाला हक्क देणाऱ्या कायद्याची. 1 एप्रिल 1957 ला कसणारा मालक झाला, ते ठीकच झालं. पण त्यानंतर लावलेल्या कुळालाही 32-ओ कलमानं वर्षाच्या आत खरेदीचा हक्क सांगता येतो. मग कोण कशाला सही करेल? पाच-सात वर्षांचा खंडकरार कायद्यात बसवा, मालकी हलणार नाही असं त्यातच लिहा. नीती आयोगाचा नमुना कायदा 2016 पासून तयार आहे. आंध्रानं 2019 ला अकरा महिन्यांपुरता का होईना, केलाय.

वाळव्याचा आबा
लेकरा, आमचा आजा सावकाराचं रान कसायचा. 57 ला नाव लागलं म्हणून मी शाळा बघितली. त्या कायद्याची भीती घालू नको. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या जिल्ह्यात तर नकोच.
आणि आज तुझ्यासाठी दार उघडलं की उद्या त्याच दारातनं कंपनी आत येईल. सलग दोनशे एकर उचलेल, खंड असा चढवेल की तुला बांधावरसुद्धा उभं राहता यायचं नाही. मग डाळिंब तिचं आणि तू तिथं रोजानं.

बांधावरचा (विटा)
आबा, तुमच्या आजाचा हक्क कुणी काढत नाही. करार फक्त माणसाशी, तोही तालुक्यातल्या, आणि दहा एकरांच्या वर नाही, असं लिहा की. आज तोंडी व्यवहारात मला कसलं संरक्षण आहे? गेल्या साली आल्याचं पीक उभं असताना रान सोडायला लावलं. तक्रार कुठं करू, कागदच नाही.

माणदेशी पोरगी
दादा, सरकारला खंडाचं वावडं नाही हं. शेतीच्या सौर विजेच्या योजनेत, सौर कृषी वाहिनीसाठी, हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला देऊन तीस वर्षांचा पट्टा होतो. पत्र्याच्या पॅनेलला पट्टा चालतो, पोराला का नाही?
पण एक सांगते. सातबारावर आईचं, बहिणीचं नाव नाही, 2005 पासून लेकीला समान वाटा असूनही हक्कसोड लिहून घेतात. कसणारी बाई, सही करणारा चुलता. तुमचा नवा कागद पोरांचाच होणार की आमच्याशीही करार होईल?

गलाईवाला
मीच तो मालक, समजा. सव्वीस वर्षं बाहेर आहे. तुम्ही सगळे माझ्या रानाची वाटणी करताय, मला कुणी विचारलं नाही! रान पडीक ठेवतो कारण तीन भावांची खातेफोड, म्हणजे सातबारावरची वाटणी, झालेली नाही. सही तिघांची लागणार आणि धाकटा बोलत नाही. तुमच्या नव्या कायद्यानं तो बोलायला लागेल का? कुळकायदा राहू द्या बाजूला, अडचण घरात आहे.

वाळव्याचा आबा
हे मात्र खरं बोलला. आमच्याकडं ऊस तुटला तरी वाटणी तुटत नाही.

बांधावरचा (विटा)
मग खातेफोड झालेल्या रानापासनं सुरुवात करा. सगळं एकदम नाही झालं तरी चालेल. गलाईवाले, तुमचे भाऊ जुळले तर तीन वर्षांची लेखी बोली कराल का? खंड आगाऊ देतो.

गलाईवाला
तीन वर्षं चालतील. पण बोअरचं लाईटबिल कुणाच्या नावावर, आणि बांधावरची चिंच तोडायची नाही, हे आधी ठरू दे.