बुटके अजगर सगळे एकच नव्हेत

एकांनी म्हटलंय की बुटके जाळीदार अजगर (अंगावर जाळीसारखी नक्षी असलेल्या अजगरांतले लहान चणीचे) म्हणजे कमी खायला घालून खुजे ठेवलेले. नाही हो! इंडोनेशियातल्या सुलावेसीच्या दक्षिणेकडच्या काही बेटांवर ते मुळातच लहान राहतात. २००२ साली त्यांतल्या दोन उपप्रजाती वेगळ्या मानल्या गेल्या, तानाहजाम्पेआची आणि सेलायारची. त्यातही सेलायारचा बऱ्यापैकी लांब होतो, जाम्पेआचा त्याच्यापुढे पोरगेलाच. कायुआदी, कालाओतोआ ही मात्र नुसती बेटांची नावं, त्यांच्या वेगळ्या उपप्रजाती नाहीत. आणि पाळायला अजगर विकणारा सांगतो ते बेट म्हणजे पुष्कळदा कुठल्याही गोड खव्याला बेळगावचा कुंदा म्हणण्यातला प्रकार. मोठ्या अजगराशी संकर असला तर पिल्लू वाढणारच. आमच्या खानापूरच्या रानातला अजगर तर प्रजातीच निराळी, त्याच्यावरून अंदाज बांधू नका.