मदत हवी आहे: लिस्टचे मेल अर्ध्यांना जातात, अर्ध्यांचे बाउन्स होतात, आणि मेंबर आपोआप बंद पडतायत

तापीकाठ
राम राम मंडळी. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. आपल्या रावेर-यावल-चोपडा पट्ट्यातल्या केळीवाल्यांची एक जुनी मेलिंग लिस्ट आहे, बागायतदार, सावद्याकडचे व्यापारी, निर्यातवाले, शेती खात्यातून रिटायर झालेले साहेब असे काहीशे लोक आहेत. पहिला प्रश्न येणारच की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप का नाही करत, तर तो पण आहे, पण मागच्या कांदेबागेला (केळीच्या हिवाळी लागवडीला) सीएमव्ही (केळीवरचा विषाणू रोग) आला तेव्हा कोणी काय सांगितलं होतं आणि कोणाचा माती परीक्षणाचा पीडीएफ कुठे गेला ते तिथे शोधून दाखवा म्हणजे झालं.

लिस्ट नव्या व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) हलवली आहे. उबंटू, मेल पाठवायला पोस्टफिक्स, लिस्ट चालवायला मेलमन ३. एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर पाठवू शकतात ती यादी) आहे, डीकेआयएमची डिजिटल सही लागते, डीमार्कचं (या दोन्ही तपासण्या फेल गेल्या तर मेलचं काय करायचं ते सांगणारं) रेकॉर्ड पण आहे, ऑनलाइन टेस्टरवर मेल पाठवला की चांगले मार्क पडतात. तरी पण काही मेल सगळ्यांना जातात, काही मेल जीमेलवाल्या सगळ्यांकडून परत येतात, आणि सगळ्यात डोक्याला ताप म्हणजे मेंबर आपोआप 'बाउन्समुळे बंद' होतायत, त्यांचे मेलबॉक्स व्यवस्थित चालू असताना. रोज कोणीतरी फोन करतं, भाऊ मला लिस्टमधून काढलं का, काही चुकलं का माझं. एक अण्णा तर खरंच रुसलेत.

वरून काही जण म्हणतात आम्ही टाकलेला मेल आम्हालाच दिसत नाही. आते काय करानं?

केळीचा_घड
आयपी ब्लॅकलिस्टमध्ये असेल. स्पॅमहॉसवर (स्पॅमवाल्या आयपींची यादी ठेवणारी संस्था) चेक कर.

तापीकाठ
केलं भो. सर्व्हरवरून डिग (डीएनएसला विचारायची कमांड) मारलं तर १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येतं, म्हणजे लिस्टेड आहे ना?

धुळेकरीण
नाही, ते लिस्टेड नाही. तुम्ही पब्लिक डीएनएसमधून विचारताय म्हणून स्पॅमहॉस उत्तरच देत नाही, हा त्यांचा 'इथून विचारू नका' असा कोड आहे. खऱ्या लिस्टिंगला १२७.०.०.२ वगैरे येतं. त्यांच्या वेबसाइटवर आयपी टाकून बघा आणि तो विषय संपवा.

आता कामाचं. 'परत येतात' यावरून काही कळत नाही. मेल लॉगमधली बाउन्सची पूर्ण ओळ टाका, कोडसकट. आणि नुसतं कोणाकडून परत आला ते बघू नका, तो मेल मुळात कोणी लिहिला होता ते पण बघा. लिस्टच्या भानगडीत बहुतेक जण घेणाऱ्याकडे बघत बसतात.

तापीकाठ
ताई, मोबाइलवरून टाइप करतोय म्हणून लॉग पण देवनागरीतच घ्या. दोन प्रकारच्या ओळी सापडल्या.

एक: ५५०-५.७.२६, याहू डॉट कॉमकडून आलेला अनऑथेंटिकेटेड ईमेल त्या डोमेनच्या डीमार्क पॉलिसीमुळे स्वीकारला जात नाही, असा अर्थ.

दोन: ५५०-५.७.२५, पाठवणाऱ्या आयपीला पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी डीएनएस नोंद) नाही. पण पीटीआर तर मी स्वतः लावून घेतलंय, डिगने बघितलं तर बरोबर येतं!

आणि तुम्ही म्हणालात तसं बघितलं तर पहिल्या प्रकारातले जवळपास सगळे मेल एकाच माणसाचे आहेत. आमचे एक काका रोज संध्याकाळी रावेर आणि बऱ्हाणपूरचे केळीचे भाव टाकतात, त्यांचा पत्ता जुना याहूचा आहे.

धुळेकरीण
सापडलं मग. तुमचा एसपीएफ-डीकेआयएम ठीक असला तरी इथे कामाचा नाही, कारण फ्रॉममध्ये काकांचा याहूचा पत्ता आहे आणि घेणारा सर्व्हर याहूचीच पॉलिसी बघतो. याहूने एप्रिल २०१४ मध्ये डीमार्क 'रिजेक्ट' वर नेलं, त्याच महिन्यात एओएलने पण, आणि जगभरच्या लिस्टवाल्यांची तेव्हा हीच बोंब झाली होती. तुमचा सर्व्हर विषयाच्या आधी [केळी] लावतो, खाली फुटर चिकटवतो. सीलबंद पाकीट फोडून आत चिठ्ठी घातली की सील तुटणारच, तशी याहूची डीकेआयएम सही तुटते. एसपीएफ पास होतो पण तो तुमच्या डोमेनचा, फ्रॉममधल्या डोमेनशी जुळत नाही. दोन्हीपैकी एकही जुळलं नाही की डीमार्क फेल. जीमेलवरून लिहिणाऱ्यांचे मेल जातात कारण जीमेल डॉट कॉमची स्वतःची पॉलिसी 'नन' आहे, म्हणजे फेल झालं तरी अडवू नका. म्हणून तुम्हाला ते कधी जातं कधी नाही असं दिसतंय.

आता मेंबर का बंद पडतात ते. काकांचा मेल जीमेलवाल्यांकडून परत आला की मेलमन समजतो त्या मेंबरचा मेलबॉक्स खराब आहे आणि त्याला एक गुण लावतो, दिवसाला जास्तीत जास्त एक. डिफॉल्टला पाच गुण झाले की डिलिव्हरी बंद. भाव रोज येतात म्हणजे पाच दिवसांत जीमेलवाली सगळी पंगत उठली. तुमच्या अण्णांचा काही दोष नाही बिचाऱ्यांचा.

केळीचा_घड
मग एसपीएफमध्ये याहूचा इन्क्लूड टाकून दे ना, एका मिनिटाचं काम.

धुळेकरीण
त्याने काहीच होणार नाही. तुमच्या एसपीएफमध्ये याहू टाकलं म्हणजे याहूला तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी दिली. हवंय उलटं, आणि ते याहूच्या डीएनएसमध्ये तुम्ही लिहू शकत नाही. एसपीएफला दहा लुकअपची मर्यादा असते, उगाच भर नको.

तापीकाठ, उपाय असा. मेलमनच्या लिस्ट सेटिंगमध्ये डीमार्क मिटिगेशनचा भाग आहे, तिथे 'फ्रॉमच्या जागी लिस्टचा पत्ता' हा पर्याय निवडा. मग रिजेक्ट किंवा क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाका) पॉलिसीवाल्या डोमेनचा मेल आला की फ्रॉममध्ये 'काका व्हाया केळी' असं दिसेल आणि काकांचा खरा पत्ता रिप्लाय-टू मध्ये जाईल. सगळ्याच मेलांना लावायचा पर्याय पण आहे, पण गरज नसेल तर नका लावू, लोकांना कोण लिहितंय ते पटकन कळत नाही. फुटर आणि [केळी] काढून टाकलं तरी सही वाचते, मला खरं तर तोच उपाय जास्त आवडतो, पण लिस्टवाली जुनी मंडळी [केळी] वरच फिल्टर लावून बसलेली असतात, ती ऐकत नाहीत.

फ्रॉम बदलला की मेल तुमच्या डोमेनचा होतो, तेव्हा सही फुटर लागल्यानंतर होतेय ना ते तपासा. मेलमनने मेल परत पोस्टफिक्सला दिला, त्या टप्प्यावर सही हवी.

जंक्शन_भुसावळ
पीटीआरचं मी सांगतो. दादा, तुम्ही आयपीव्ही४ चं पीटीआर बघितलं असणार. नव्या व्हीपीएसला आयपीव्ही६ पण मिळालेलं असतं आणि पोस्टफिक्स बाय डिफॉल्ट दोन्ही वापरतो, त्यामुळे काही मेल सहावरून जातात आणि त्यांनाच ५.७.२५ येतो. लॉगमध्ये जीमेलच्या नावापुढे कंसात कोलनवाला लांब पत्ता दिसतोय का बघा. दिसला तर व्हीपीएसवाल्याला सांगून सहाचं पण पीटीआर लावा, आणि त्या नावाने उलटं शोधलं की तोच पत्ता यायला हवा. १ फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने हे सगळ्याच पाठवणाऱ्यांना सांगितलंय, दिवसाला ५००० मेलवाल्यांना वरून डीमार्क आणि एका क्लिकचं अनसबस्क्राइब पण. तोवर तात्पुरतं पोस्टफिक्सच्या मेन डॉट सीएफ या सेटिंग फाइलमध्ये आयनेट प्रोटोकॉल्स आयपीव्ही४ करून पोस्टफिक्स बंद करून परत चालू करा, नुसतं रीलोड पुरत नाही.

आणि स्वतःचा मेल न दिसणारे सगळे जीमेलवालेच असणार. जीमेल स्वतः पाठवलेला आणि लिस्टवरून परत आलेला मेल एकच धरतो, इनबॉक्सात दुसरा दाखवत नाही. तो सर्व्हरचा प्रॉब्लेमच नाही, त्यांना सेंटमध्ये किंवा लिस्टच्या आर्काइव्हमध्ये बघायला सांगा.

तापीकाठ
ताई, दादा, दोघांनी बरोबर नस पकडली. कोलनवाले पत्ते निघाले लॉगमध्ये, आयपीव्ही४ वर आणल्यापासून ५.७.२५ एकही नाही. फ्रॉमचं सेटिंग केलं, काकांना म्हटलं आजचा भाव टाका, टाकला, जीमेलवर हेडर उघडून बघितलं तर डीमार्क पास आमच्या डोमेनच्या नावाने. बंद पडलेल्या मेंबरांचे गुण शून्य करून डिलिव्हरी परत चालू केली, अण्णांना आधी.

व्हीपीएसवाल्याकडे सहाच्या पीटीआरचं तिकीट टाकलंय, उत्तर यायचंय. आता नवीनच कटकट, काकांना पर्सनल विचारायचं म्हणून लोक रिप्लाय दाबतात आणि काही जणांकडे तो काका आणि लिस्ट दोघांना जातोय, काल एकाने पिलबागेच्या उधारीचा हिशोब सगळ्या गावाला वाचायला दिला.

धुळेकरीण
रिप्लाय-टू चं सेटिंग काय ठेवलंय? 'लिस्टकडे' असेल तर रिप्लाय लिस्टला जाणारच. 'काही बदल नको' वर ठेवा, मग फक्त काकांना जाईल, आणि लिस्टला लिहायचं असेल त्याने रिप्लाय ऑल दाबावा.

तापीकाठ
'लिस्टकडे'च होतं. बदलतो आणि उद्याच्या भावाच्या मेलवर बघून इथेच सांगतो.