मदत हवी आहे: घरचा सर्व्हर बाहेरून उघडत नाही
मंडळी, देवगडला घरी जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स टाकून एनजिनएक्स हा वेब सर्व्हर चालू केलाय, निव्वळ शिकायला म्हणून. आमच्या हापूसच्या पेट्यांचं एक साधं पान आहे. घरच्या वायफायवर झकास उघडतं, बाहेरून मात्र ठणठणाट! राउटरवर ८० आणि ४४३ हे वेबचे पोर्ट लॅपटॉपकडे फॉरवर्ड केलेत. शेवटी राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघितला, तर १००.७२ ने सुरू होतो. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा सीजीनॅटचा (इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटते, मग बाहेरून थेट आपल्या राउटरपर्यंत पोचता येत नाही), म्हणजे तेच दुखणं ना? स्टॅटिक, म्हणजे आपला स्वतःचा कायमचा आयपी घ्यायला वेगळे पैसे पडतात, आणि नुसत्या हौसेपायी तेवढे घालवायला जीव होत नाही. आयपीव्ही६ वर (नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्यावर) भागेल, की स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) घेऊन तिथून घरापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा टनेल करू?

आणखी एक. पावसात लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, राउटर मात्र मान टाकतो. त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस कोणी लावलाय का?